लावू काय फोन?

पोलिसानं हात केला की फोनबहाद्दराचा हात ब्रेककडं जात नाही, खिशाकडं जातो. आता खिशातनं पाकीट निघेल, पाकिटातनं लायसन निघेल, अशी कुणाची समजूत असेल तर तो माणूस कोल्हापुरात नवा आहे. खिशातनं मोबाइल निघतो.

हा गडी पंचविशीपासून साठीपर्यंत कुठल्याही वयात सापडतो. नोकरीधंद्याचं विचारू नये, पण तो कायम कामात असतो. गाडी बुलेट. सायलेन्सर कंपनीचा नाही, कारण कंपनीच्या सायलेन्सरचा आवाज फक्त चालवणाऱ्याला ऐकू येतो आणि तेवढ्यावर ह्याचं भागत नाही. नंबर ४१४१, पण पाटीवर तो असा वळवून काढलेला असतो की वाचणाऱ्याला 'दादा' दिसावं. एमएच ०९ ही अक्षरं असतात, भिंग घेऊन बघितली तर. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावून घ्या, असं सरकार मुदतीवर मुदत वाढवून सांगत होतं. ह्यानं प्रत्येक मुदतवाढ स्वतःचा विजय म्हणून साजरी केली. हेल्मेट आहे. ते घरी कपाटावर असतं. हेल्मेट किणी नाक्याच्या पलीकडं घालायचं असतं, अशी त्याची पक्की धारणा आहे. अलीकडं सगळी आपलीच माणसं, त्यांना तोंड दिसलं पाहिजे.

पोलीस लांबून दिसला की बाकीचे कोल्हापूरकर काय काय करतात, हे दाभोळकर कॉर्नरला किंवा मिरजकर तिकटीला पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. कुणी अचानक बोळात वळतो, जणू त्याचं माहेरच त्या बोळात आहे. कुणी गाडीवरनं उतरून ती ढकलत नेतो आणि पादचारी होतो. तिघांतला मधला उडी मारून फूटपाथवर जातो आणि उरलेल्या दोघांना ओळख दाखवत नाही. फोनबहाद्दर ह्यातलं काही करत नाही. तो पळणाऱ्यातला नव्हे. तो मान तिरकी करून, मोबाइल कान आणि खांद्याच्या मधे चेपून, चालत्या गाडीवरच फोन लावत सरळ मामांच्या पुढ्यात येतो. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात, धोकादायक वाहन चालवणं म्हणजे काय ते सांगताना, हातातला मोबाइल वापरत गाडी चालवणं नाव घेऊन घातलंय. म्हणजे हेल्मेटच्या साध्या गुन्ह्यातनं सुटण्यासाठी हा पठ्ठ्या येता येताच एक मोठा गुन्हा सोबत घेऊन येतो.

"गाडी बाजूला घ्या."

"काय झालं मामा?"

"हेल्मेट कुठाय?"

"हितंच निघालोय की, गंगावेशीत. दोन मिनटाचं काम."

"लायसन दावा."

"वळखलं न्हाईसा व्हय?"

इथं थोडं थांबू, कारण सगळा खेळ ह्या एका प्रश्नात आहे. ह्याला पाचशे रुपयांचं काही वाटत नाही. तेवढे तर तो रविवारी चार पोरांना मिसळ खाऊ घालताना उडवतो आणि वर सुटे परत घेत नाही. त्याला लागतं ते 'थांबवलं' हे. पेठेत ज्याच्या शब्दावर मंडळाची वर्गणी ठरते, त्याला भर चौकात, समोरच्या चहाच्या गाडीवरची दहा माणसं बघत असताना, हात करून बाजूला घेतलं. हा दंड कुठल्याच कलमात नाही आणि तो भरायची त्याची तयारी नाही. तो पाचशे वाचवायला फोन लावत नाही. आपण कोण आहोत हे मामांना, चहावाल्याला आणि खरं तर स्वतःला सांगायला लावतो.

आता मामांकडं बघा. सकाळी आठपासून धूर खाऊन, शिट्टी फुंकून त्यांनी जी विद्या मिळवलीय ती कुठल्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकवत नसावेत. पूर्वी त्यांच्याकडं पावतीपुस्तक असायचं. पेन कागदाला टेकेपर्यंत वेळ असायचा, आणि त्या वेळात फोन यायचा. फोनबहाद्दराचा सुवर्णकाळ तो. पुढं राज्यभर ई-चलनाचं मशीन आलं. मशीन गाडीचा फोटो काढतं, चलन वर पाठवतं, मालकाच्या मोबाइलवर मेसेज पडतो, आणि मग मामांनी म्हटलं तरी ते मागं घेता येत नाही. "माझ्या हातात काय न्हाई, मशीन हाय" हे वाक्य मामा इतक्या समाधानानं म्हणतात की मशीनचा शोध त्यांनीच लावलाय असं वाटावं. डिसेंबर २०२१ पासून राज्यात दंडाचे दरही वाढले. म्हणजे रक्कम मुंबईत ठरते, चलन सर्व्हरवर जातं. मग मामांच्या हातात उरलं काय?

नजर उरली. बटण दाबायच्या आधी ती हेल्मेटपाशीच थांबायची की गाडीला एक प्रदक्षिणा घालून यायची, एवढंच. आणि ही नजर गाडीवाला स्वतःच्या तोंडानं फिरवतो.

फोनबहाद्दराच्या दोन गाड्या आधी शाळेच्या एक बाई होत्या. हेल्मेट नव्हतं. गाडी कडेला घेतली, बंद केली, म्हणाल्या, "चुकलं माझं, घरात राहिलं. करा चलन." मामा क्षणभर गोंधळले. सकाळपासून हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. "बाई, तुमीच असं केलासा तर पोरांनी काय शिकायचं?" एवढं बोलून त्यांनी पाचशेचं चलन केलं, पण पीयूसी विचारली नाही. बाईंनी मेसेज बघितला, नमस्कार केला, गेल्या. दीड मिनिट. त्याच्याही आधी निपाणीकडची एक मोटार एकेरी रस्त्यात उलटी घुसली होती. ड्रायव्हर खाली उतरला, हात जोडले, "अंबाबाईला आलोय, वाट कळंना झालीया" म्हणाला. मामांनी त्याला शिव्या घातल्या, त्याच्यासाठी समोरचा रिक्षावाला मागं सरकवला, आणि बिंदू चौकाकडं पार्किंगला कसं जायचं ते हातवारे करून दाखवलं. दंड नाही. हा न्याय आहे का? नाही. एकेरी रस्ता उलटा चालवणं हेल्मेटपेक्षा वाईटच. पण वर्दीच्या आत बसलेल्या माणसाला दिवसातनं एकदा तरी कुणाला तरी माफ करायचं असतं, आणि ती संधी निपाणीकरानं दिली. फोनबहाद्दर ती कुणाला देत नाही, कारण माफी मिळायला आधी चूक कबूल करावी लागते.

तो फोन लावतो. पहिला नंबर साहेबांचा. साहेब मीटिंगमध्ये. ही मीटिंग गेली कैक वर्षं चालू आहे. दुसरा नंबर साहेबांच्या जवळच्या माणसाचा. तो उचलतो.

"बोला की मामा जरा. साहेबांचं उजवं हात हैत."

"मी कुणाच्या फोनवर बोलत नसतो. स्पीकरवर घ्या, ऐकतो."

इथं जाणत्यानं फोन बंद केला असता. हा स्पीकर चालू करतो. आणि भर चौकाला, दहा चहावाल्या कानांना ऐकू येतं, "पुन्यांदा तूच काय रे? टोपडं घालायला तुझं काय जातंय मर्दा?"

ह्यात आणखी एक गंमत आहे. ज्या मोबाइलवरनं तो वशिला शोधतोय, त्याच मोबाइलवर डिजिलॉकरमधलं लायसन दाखवलं असतं तर चाललं असतं. २०१८ पासून नियमच तसा आहे. पण त्याच्या फोनमध्ये जागा नाही. सगळी जागा वाढदिवसांच्या बॅनरांनी खाल्लीय.

फोन वाया गेला की तो इतिहासात शिरतो. "ह्या कोल्हापुरानं टोल घालवलाय मामा, टोल! तुमचं चलन कुठल्या झाडाचा पाला?" टोल घालवला हे खरं आहे. नाके पेटले, मोर्चे निघाले, आणि २०१५ संपता संपता सरकारला तो रद्द करावा लागला. पण त्या मोर्चात एन. डी. पाटील चालले होते, गोविंद पानसरे चालले होते, आणि त्यांच्यातल्या कुणी बुलेटच्या सायलेन्सरसाठी आंदोलन केल्याचं आठवत नाही. पुढचं हत्यार कोर्टाचं. आधी "हायकोर्टात जाईन" म्हणायला सोपं होतं. हायकोर्ट मुंबईत, जायचं कुणाला असतं? ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोर सुरू झालं. वकिलांनी त्यासाठी किती दशकं लढा दिला! त्याचा पहिला तोटा झाला तो फोनबहाद्दराला. मामा शांतपणे म्हणाले, "जावा की. हितनं चालत धा मिनटं."

मग आवाज चढतो. मामांच्या मशीनकडं हात जातो, निदान जाण्याच्या बेतात असतो. हीच जागा धोक्याची. मोटार वाहन कायद्याचं १३२ वं कलम गाडीवाल्यानं कधी थांबायचं ते सांगतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही १३२ वं कलम आहे. ते सरकारी नोकराला कर्तव्य करताना मारहाण किंवा जबरदस्ती करणाऱ्यासाठी, दोन वर्षांपर्यंत कैदेचं. एका १३२ मधनं दुसऱ्या १३२ मध्ये जायला हातभर अंतर लागतं, आणि ते फक्त फोनबहाद्दरच कापू शकतो. बहुतेक वेळा चहाच्या गाडीवरनं कुणीतरी जाणता माणूस "ए, सोड रं" म्हणत मधे पडतो, म्हणून घरची माणसं वाचतात.

तोवर मामांची नजर निघालेली असते. ती पुढच्या पाटीवर थांबते, 'दादा' वाचते, मशीन क्लिक करतं. सायलेन्सरपाशी वाकते. "चालू करा बघू." तो अभिमानानं चालू करतो. अख्खा चौक दचकतो. क्लिक. पीयूसी संपलेली. लायसन घरात. येताना कानाला फोन होता, तो मामांनी बघितलाच होता.

"एवढं सगळं कशाला मामा? हेल्मेटचंच हुतं न्हवं?"

"तुमी फोन लावला न्हवता तवा हेल्मेटचंच हुतं."

संध्याकाळी रंकाळ्यावर हीच गोष्ट ऐकायला जावं. तिथं मामा हात जोडून उभे असतात, साहेबांचा फोन पहिल्या रिंगला उचललेला असतो, आणि शेवटी मामांनी चहा पाजून, "पुढच्या बारीला आधीच सांगत जावा की, मी हितंच असतोय" म्हणून वाटेला लावलेलं असतं. ऐकणारे माना डोलावतात. त्यांच्यातल्या दोघांनी ते चहाच्या गाडीवर बसून प्रत्यक्ष बघितलेलं असतं, पण कोल्हापुरात मित्राची गोष्ट मधे तोडत नाहीत. मेसेज येत राहतात. तो ते न वाचता पुसतो. पुसले की चलन जातं, अशीही त्याची एक धारणा आहे.

जात नाही. काही महिन्यांनी राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस येते, थकलेली चलनं तडजोडीनं मिटवून टाका म्हणून. फोनबहाद्दर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जातो. रांग बघतो, थेट पुढं जायला बघतो, शिपाई त्याला मागं धाडतो. रांगेच्या शेवटी उभा राहून तो सवयीनं फोन काढतो आणि साहेबांच्या उजव्या हाताला लावतो. रिंग त्याच्या पुढं तीन माणसं सोडून वाजते.

"काय रे," फोनमधनं आणि समोरनं एकदमच आवाज येतो, "तुझी किती?"

"पाच. तुमची?"

"साहेबांची धरून अकरा. म्होरं ये, नंबर धरलाय."