शाळेच्या संगणकावर लिनक्स: नवख्या गुरुजींसाठी सोपी कृती

आंदर मावळातल्या शाळेवर रुजू झालात? आधी संगणक शोधा. तो पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांमागे, प्लॅस्टिकच्या कव्हरात सापडेल. कपाटाची किल्ली मागताना 'मुलांना शिकवायचंय' म्हणू नका. 'ऑनलाइन माहिती भरायचीय' म्हणा, लगेच मिळते.

पावसाळ्यात या कामाला हात घालू नये. वीज नसते, आणि असते तेव्हा संगणक सर्दावलेला असतो. दिवाळीनंतर लोणावळ्यात, जिथे धड रेंज मिळेल तिथे, लिनक्सची लुबंटूसारखी हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर उतरवा. न बसवताही ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. त्याच पेन ड्राइव्हवरून शेजारच्या दहा शाळांत बसवलीत तरी चोरी होत नाही, परवान्यातच तशी मुभा आहे. (हे सहकाऱ्यांना पटवायला एक शैक्षणिक वर्ष धरा.)

पहिलीसाठी टक्स पेंट घ्या. चित्र साठवताना ते नाव विचारत नाही, त्यामुळे अक्षरओळख नसलेलं पोरही अडत नाही. मोठ्या मुलांसाठी जीकॉम्प्रिस, म्हणजे शैक्षणिक खेळांचा संच.

'खेड्यात हे चालायचं नाही' असं कुणी म्हणालं, तर घाटाखाली बोट दाखवा. कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत 2007 मध्ये मुलांच्या हाती हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. ते लिनक्सवरच चालत, वर 'शुगर' नावाची मुलांसाठीची मांडणी. मुलं ते घरीही न्यायची. हे शेवटचं वाक्य मुख्याध्यापकांसमोर गाळावं.

बसवणं तासाभराचं काम. खरी मेहनत पुढे, जडवस्तू नोंदवहीत. 'पावती?' नाही. 'कंपनी?' एक अशी नाही. 'मग जबाबदार कोण?' इथे 1991, हेलसिंकी आणि लिनस टोरवाल्ड्स हे तीन शब्द सावकाश उच्चारा. परदेशी नाव ऐकून साहेबांची मान आपोआप डोलते. लिनक्स लिहिलं तेव्हा तो विद्यार्थी होता, हे मात्र सांगत बसू नका.

किमतीच्या रकान्यात शून्य लिहू नये. शून्य किमतीची वस्तू पुढे निर्लेखित कशी करायची, यावर पत्रव्यवहार सुरू होतो आणि तुमची बदली झाली तरी संपत नाही. 'देणगी' लिहा. मग वरून एकच पत्र येईल: देणगीदारांचा पूर्ण पत्ता पिनकोडसह कळवावा, आभारपत्र पाठवायचे आहे.