बोगद्यात आहे, नंतर बोलतो

कोकण रेल्वेत बसून ऑफिसचं काम करणाऱ्याला निसर्ग दिसत नाही, असं माझं निरीक्षण आहे. धबधबा आला की डबा एका बाजूला कलंडतो, हा मात्र दुसऱ्या बाजूला टॉवर शोधत असतो. डोंगर म्हणजे त्याच्या लेखी रेंज अडवणारा दगड.

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर आणि त्यात ९१ बोगदे. १९९८ साली हा मार्ग पूर्ण सुरू झाला तेव्हा लोक हे आकडे कौतुकाने सांगत. आता मीटिंग लावणारे ते धास्तीने आठवतात.

पण रेंज ही पुढची गोष्ट, आधी वीज. लांबच्या गाडीत एका कप्प्यात आठ माणसं आणि प्लग मोजके, त्यातला एक हमखास सैल. सैल प्लगात पिन बसवणं ही कला आहे. ती थोडी तिरकी लावायची, वायर खिडकीच्या गजाला एक वेढा देऊन ताणायची आणि मग कुणी हलायचं नाही. तिकीटही फोनातच असल्यामुळे टीसी येईपर्यंत तरी फोन जिवंत ठेवणं भाग असतं. पूर्वी प्रवासात ओळख व्हायची ती डबा उघडल्यावर. आता समोरच्या मालवणी काकू थेट म्हणतात, "झिला, तुझो झालो काय? मगे माजो लाव." मग त्यांचा फोन आपल्या हवाली होतो आणि कुडाळपर्यंत आपण त्याचे पालक. दर अर्ध्या तासाने विचारणा होते, "किती टक्के झालो?" आजाऱ्याचा ताप विचारावा तसा आवाज.

त्या प्लगात वीज येते तरी कुठून? घरी २३० व्होल्ट, गाडीत ११०. लॅपटॉपच्या चार्जरला दोन्ही चालतात, म्हणून आपलं निभावतं. जुन्या निळ्या डब्यांची तर मौजच होती. डब्याखाली आसाला पट्ट्याने जोडलेलं जनित्र असायचं. चाक फिरलं की वीज तयार व्हायची आणि बॅटरीत साठायची. म्हणजे गाडी पळते म्हणून माझा फोन भरतो, आणि फोन भरतो म्हणून मी पळताना कामावर हजर! हे कळल्यापासून क्रॉसिंगला गाडी थांबली की मला उगीच ओशाळल्यासारखं व्हायचं. रात्री अकरा ते पहाटे पाच प्लग बंद ठेवायचे, असा नियम रेल्वेने आगीच्या भीतीने २०२१ साली पुन्हा बजावला. कामगार चळवळीला जे जमलं नाही ते एका स्विचने केलं, असं मी म्हणणार होतो. पण लोकांनी पॉवर बँका घेतल्या. वीस हजार एमएएचची ती वीट उशाशी घेऊन आता माणसं रात्री एकलाही ईमेलला उत्तर देतात.

तेव्हा काम टाळायला उरला फक्त बोगदा. 'लाइट गेली होती' ही सबब इन्व्हर्टरने मारली, 'बॅलन्स संपला' ही महिन्याच्या पॅकने. 'बोगद्यात आहे' ही अजून चालते. खरं तर या मार्गावरचा सर्वांत लांब करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे पाचेक मिनिटांचा. मुसळधार पावसात गाडी ताशी चाळीसवर आली तर दहाचा. बाकीचे बरेचसे तर 'हॅलो, ऐकू येतंय का' म्हणेपर्यंत संपतात. पण हे हिंजवडीतल्या साहेबांना कुणी सांगितलेलं नाही, आणि आपणही सांगू नये.

एकदा समोरच्या तरुणाने या सबबीचा फार सढळ वापर केला. गाडी क्रॉसिंगसाठी स्टेशनात निवांत उभी, बाहेर लख्ख ऊन, आणि हा फोन स्पीकरवर ठेवून कानकोंड्या आवाजात, "सर, बोगदा आलाय, तुटतंय, नंतर बोलतो." फोन बंद करायला बोट पुढे गेलं तोच खिडकीशी आरोळी आली, "वडापाव, गरम वडापाव!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग साहेब म्हणाले, "काय रे, बोगद्यात वडापाव मिळतो?"

"कोकणात मिळतो, सर," तो म्हणाला, आणि काकूंनी त्याच्यासाठीही एक मागवला.