पानी टाका, काय न्हाय होत!

मंचरहून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर गाडीचं बॉनेट उघडलं, की अण्णा हजर होतात. कुठून येतात ते विचारायचं नाही. श्रावणी सोमवारी पोखरीच्या घाटात पहिल्या गिअरवर रांग लागलेली असते, धुकं एवढं की पुढच्या गाडीचा नंबर दिसत नाही. त्या धुक्यातून आधी तंबाखूचा वास येतो, मग पांढरी टोपी, मग निदान. “पानी कमी झालंय.” तोवर त्यांना कुणी काही विचारलेलंही नसतं.

हे अण्णा एक नव्हेत. आळेफाटा, ओतूर, नारायणगाव, मंचर, जिथं म्हणून दोन रस्ते मिळतात तिथं त्यांची एकेक प्रत उभी असते.

त्यांना हसण्याआधी एक मान्य करायला हवं: एके काळी अण्णांचं खरं होतं. वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याचा कॅन असायचाच. माळशेज चढताना रेडिएटर वाफ सोडायचा, गाडी ओढ्याकाठी उभी राहायची, उतारू विड्या ओढून घ्यायचे, कॅन भरला जायचा आणि जीप पुन्हा चालू लागायची. त्या शाळेत अण्णा शिकले. अडचण एवढीच, की शाळा बंद पडून बरीच वर्षं झाली आणि अण्णा अजून वर्गातच बसलेत.

आताच्या गाडीत कूलंट असतं. साधारण निम्मं ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, शिवाय गंज धरू नये म्हणून घातलेली रसायनं. हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. भीमाशंकरच्या उंचीवर नुसतं पाणी शंभरच्या तीनेक अंश अलीकडेच उकळ्या फोडतं. पण हे सांगायला गेलं, की अण्णा डिंभे धरणाकडे बोट दाखवतात. “येवढं पानी आडवलंय, आन् तुम्ही इकत आनताय?”

खरी गंमत पुढे आहे. याच अण्णांची द्राक्षबाग आहे. बोअरच्या क्षारांनी ठिबकचे ड्रिपर चोकअप होतात म्हणून ते नळ्यांतून ॲसिड सोडतात. फवारणीआधी पाण्याचा पीएच तपासतात. घरात चहालासुद्धा फिल्टरचं पाणी लागतं. आणि तेच बोअरचं पाणी दुसऱ्याच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये ओतताना त्यांचा हात जराही थरथरत नाही.

अडचणीत पाणी टाकणं हा गुन्हा नाही, हेही सांगून टाकू. इंजिन पुरतं थंड होऊ द्यावं, स्वच्छ पाणी टाकावं आणि पुढे गॅरेजात ते काढून नीट कूलंट भरून घ्यावं. अण्णांच्या सल्ल्यात यातला फक्त मधला भाग असतो, तोही ‘स्वच्छ’ वगळून.

थंड होण्याची वाट बघणं तर त्यांच्या स्वभावातच नाही. घरी कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकणाला हात लावू न देणारे अण्णा घाटात टॉवेल गुंडाळून थेट रेडिएटरच्या झाकणाला भिडतात. त्या झाकणाचं कामच आत साधारण १ बार दाब धरून ठेवण्याचं. त्या दाबामुळे आतलं कूलंट शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं, दाब गेला, की ते एकदम उसळतं. असा एक प्रसाद अण्णांच्या मनगटावर आहे. कुणी विचारलं, तर ते बाही खाली ओढतात.

तापमानाचा काटा खाली आला, की अण्णा खूश. “बगा, उतरली गरमी!” वास्तविक कूलंट फार कमी झालं, की तापमान मोजणारा सेन्सर कधीकधी कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलू लागतो. तिथून पुढे तशीच गाडी हाणली, तर हेड गॅस्केट जातं आणि खर्चाचा आकडा ऐकून मालकच तापतो.

अण्णांचा आत्मविश्वास मात्र एका विजयावर उभा आहे. घोडेगावात एका गाडीचा कूलंटचा दिवा काही केल्या विझेना. टाकीत पातळी तर वरच्या खुणेला. अण्णांनी टाकीवर बोटांनी दोन टिचक्या मारल्या आणि दिवा गेला! काही टाक्यांत चुंबक बसवलेला छोटा फ्लोट असतो. तो अडकला, की टाकी भरलेली असूनही दिवा लागतो. टिचकीनं तो सुटला होता. तेव्हापासून अण्णा प्रत्येक गाडीला टिचकी मारतात. ज्या गाड्यांत पातळीचा सेन्सरच नाही, फक्त गरम झाल्यावर लाल दिवा लागतो, त्यांनाही.

मंचरच्या गॅरेजातला मिस्त्री याच्या अगदी उलट, बोलायचे पैसे पडतात असं वाटावं इतका गप्प. टो करून आणलेली गाडी तो आधी निवू देतो. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवतो; दुधाळ चिकटा नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेल्याची खूण तरी नाही. मग टाकीच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरतो आणि काट्याकडे बघत बसतो. अण्णांना ही शांतता सोसत नाही. हिरवं कूलंट पेट्रोलला, गुलाबी डिझेलला, असं ते मालकाला समजावत राहतात. (रंग हा कंपनीनं घातलेला असतो, इंधनाशी त्याचा संबंध नाही. आणि न जुळणारी दोन कूलंटं मिसळली, तर आत गाळ धरू शकतो.)

काटा हळूहळू उतरू लागतो. मिस्त्री बॅटरी घेऊन वाकतो. होज कोरडे, क्लिपा घट्ट. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाशी गुलाबी पापुद्रा धरलेला, त्याच्या टोकाला एक थेंब.

“पंपाचं सील गेलंय. पंप बदलावा लागंल,” एवढंच मिस्त्री म्हणतो.

अण्णा वाकून तो थेंब बघतात, बोटावर घेतात, सावकाश सरळ होतात. “म्हंजी पानीच कमी झालं हुतं ना? मी घाटातच सांगितलं हुतं!” आणि समोरच्या टपरीकडे बघून पाच चहाची ऑर्डर देतात, गाडीवाल्याच्या खात्यावर.