लाख लुमेनवाल्यास खुले पत्र

लाख लुमेनवाले,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची आपल्याकडे रीत आहे. तुम्हाला नमस्कार घालावा असं तुमच्या हातून काही घडलेलं नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

तुमच्या टॉर्चचं खोकं माझ्या समोर आहे. दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘१,००,००० लुमेन’. कोपऱ्यात लाल चांदणी काढून तिच्यात ‘९९०० एमएएच’. त्याखाली ‘मिलिटरी ग्रेड’ आणि ‘२००० मीटर झूम’. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘चार्जिंग ३ तास’. उत्पादकाचं नाव नाही, आयात करणाऱ्याचं नाही, पत्ता नाही, तक्रारीसाठी फोन नंबर नाही. माल विकायला तुम्ही गावोगावच्या आठवडी बाजारात पोचता, पण गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोचू नये याची चोख व्यवस्था केलीत. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहावं लागतंय.

लाख लुमेन म्हणजे किती, याचा कधी हिशेब मांडलात? घरात लावतो तो ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन उजेड देतो. असे शंभराहून जास्त बल्ब विजारीच्या खिशात मावणाऱ्या नळीत कोंबले, असा तुमचा दावा आहे. आजच्या चांगल्या टॉर्चमध्ये एका वॉटमागे शंभर-सव्वाशे लुमेन मिळतात. शंभर धरले तरी लाख लुमेनला हजार वॉट लागतील. घरातली इस्त्री तेवढी वीज खाते, तीसुद्धा भिंतीतल्या प्लगमधून. तुमच्या एका सेलने हजार वॉट पुरवायचे तर त्यातून पावणेतीनशे अँपियर प्रवाह वाहायला हवा, आणि बाजारातला उत्तम सेलसुद्धा त्या हिशेबाने पाऊण मिनिटात रिकामा होईल.

तुमच्यावर अन्याय नको, म्हणून आणखी सवलत देतो. एका वॉटपासून जास्तीत जास्त ६८३ लुमेन निघू शकतात, तेही फक्त ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या उजेडात आणि एक कणही उष्णता वाया न घालवता. ही निसर्गाचीच कमाल मर्यादा आहे. तुमच्या कारखान्याने ती गाठली असं धरलं, तरी लाख लुमेनला १४६ वॉट लागतात आणि तोच उत्तम सेल पाच मिनिटांत संपतो. खोक्यावर मात्र तुम्ही ‘१२ तास चालते’ असंही छापलंय. निसर्गाची मर्यादा गाठूनही तुमचं खोटं खरं होत नाही.

आता सेल. तुमच्या टॉर्चमध्ये १८६५० मापाचा लिथियम सेल आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. जगातले नामांकित कारखाने या आकारात साधारण ३५०० एमएएच बसवतात, फार ताणलं तर चार हजारांच्या आसपास. तुम्ही ९९०० छापलेत. आणि तुमचं खोटं पकडायला प्रयोगशाळाही लागत नाही, तुमचंच खोकं पुरतं. सोबत दिलेली वायर अर्ध्या अँपियरने चार्ज करते. तीन तासांत सेलमध्ये फार तर १५०० एमएएच जातात. उरलेले ८४०० कुठून येतात? खोटं बोलणाऱ्याने निदान आपलेच दोन आकडे एकमेकांशी जुळवून घ्यावेत. तुम्ही तेवढेही कष्ट घेतले नाहीत, कारण समोरच्या माणसाला गुणाकार येत नाही असं तुम्ही गृहीत धरलंत.

तुमचा सेल मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. चांगला १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तुमचा ३१ भरला. नंतर टॉर्चचं डोकं फिरवून उघडलं. एलईडीची चकती धातूच्या अंगाला घट्ट बसवलेली असावी, मधे उष्णता वाहून नेणारा लेप असावा, म्हणजे तापलेली चिप बाहेरच्या कवचातून थंड होते. तुमची चकती प्लॅस्टिकच्या कड्यावर नुसती टेकवलेली होती, बोटाने हलत होती. प्रवाह सांभाळणाऱ्या सर्किटच्या जागी एक छोटा रेझिस्टर. चार्जिंगची पिन सेलला जवळजवळ थेट जोडलेली. ४.२ व्होल्टला लिथियम सेलचं चार्जिंग थांबलंच पाहिजे, नाहीतर तो फुगतो आणि पेट घेऊ शकतो. ते थांबवणारं त्या नळीत काहीही नव्हतं. रात्री चार्जिंगला लावून माणसं झोपतात, लाख लुमेनवाले. त्याच खोलीत मुलंही झोपलेली असतात.

ही टॉर्च माझ्या चुलतभावाची. जुन्नरकडे त्याची शेती आहे. शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. पंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये राज्याने सौर कृषी वाहिनी योजना आणली, पण रात्रीची पाळी अजून सगळ्यांची सुटलेली नाही. ज्याची सुटली नाही तो थंडीत रात्री एक वाजता उठतो, मोटर चालू करतो आणि गव्हाला किंवा उसाला दारं धरायला बांधाबांधाने फिरतो. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात तुमचा लाख लुमेन. त्या भागातल्या उसात बिबट्यांचा वावर आहे, हे सगळा महाराष्ट्र जाणतो. पाटाच्या कडेला घोणस असते. पंधराव्या मिनिटाला तुमची टॉर्च पिवळी पडली आणि विसाव्याला विझली. तो उसाच्या मधोमध उभा होता. मोबाइल काढून कसाबसा बांधावर आला. त्या रात्री काही झालं नाही. त्याचं श्रेय तुम्ही घेऊ नका.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यापाड्यांतली, आणि निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. रात्री चालताना पायापुढे उजेड ठेवा, पायात बूट घाला, हा सल्ला प्रत्येक आरोग्यसेवक देतो. लोक तो ऐकतात, पदरचे पैसे मोडून टॉर्च घेतात, आणि तुम्ही त्यांच्या हातात हे देता.

तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: ‘गिऱ्हाईकालाच मोठा आकडा हवा असतो.’ गिऱ्हाईकाला उजेड हवा असतो. आकडा हा त्याच्याकडे असलेला एकमेव पुरावा असतो, आणि तो तुम्ही नासवलात. दुकानाच्या फळीवर एक टॉर्च प्रामाणिकपणे ‘५०० लुमेन’ लिहून उभी असते, शेजारी तुमची ‘१,००,०००’ लिहून. शेतकऱ्याने कोणती उचलावी? ज्या कारखान्याने खरं छापलं त्याचा माल पडून राहिला, आणि पुढच्या वर्षी त्यानेही एक शून्य वाढवलं असेल तर त्याचं पाप तुमच्या माथी आहे. एक खोटी टॉर्च विकण्यापेक्षा हे कितीतरी मोठं नुकसान आहे. खरं-खोटं निवडायचं साधनच तुम्ही लोकांच्या हातून काढून घेतलंत.

हे साधन अस्तित्वात आहे, आणि ते फार अवघडही नाही. अमेरिकेतल्या टॉर्च बनवणाऱ्यांनी २००९ मध्ये एफएल-१ नावाचं मानक ठरवलं, आज जगभरचे चांगले उत्पादक ते पाळतात. त्यात लुमेन मोजायचे ते चालू केल्याच्या क्षणी नाही, निदान ३० सेकंदांनी. टॉर्च किती वेळ चालते हे मोजायचं, ते उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. झोत कुठवर जातो हे ठरवायचं, तर जिथे उजेड पाव लक्सवर येतो तिथपर्यंत. निरभ्र पौर्णिमेचं चांदणं साधारण तेवढं असतं. या मोजणीने १०,००० कँडेला तीव्रतेच्या टॉर्चचा झोत २०० मीटर जातो. तुमच्या २००० मीटरला दहा लाख कँडेला लागतील. तुमच्या खिशातल्या नळीतून ते यायचे नाहीत, कारण एवढा झोत बांधायला मोठा आरसा लागतो. तुम्ही दिलंय ते पुढेमागे सरकणारं भिंग. ते ओढलं की भिंतीवर चिपचा चौकोन उमटतो आणि बाजूचा बराचसा उजेड नळीतच मरतो.

या मानकातही एक फट आहे, तीही वाचकांनी ओळखून असावी. एखादी टॉर्च हजार लुमेनने सुरू होऊन तीन मिनिटांत दीडशेवर उतरते आणि मग तासन्‌तास तिथेच राहते. कागदावर ‘१००० लुमेन, ५ तास’ हे खोटं ठरत नाही. म्हणून दोन मिनिटांचा उजेड विचारू नये, अर्ध्या तासाने किती उरतो ते विचारावं. बोटभर लांबीची टॉर्च हजार लुमेन धरून ठेवूच शकत नाही, हाताला चटका बसेल इतकी तापते. तीनशे-चारशे लुमेन स्थिर धरणारी खिशातली टॉर्च ही उत्तम टॉर्च आहे, आणि बांधावरून चालायला शंभर-दीडशे भरपूर होतात. घरात वीज गेली तर पाच लुमेन पुरतात. त्याहून जास्त उजेडाने झोपलेली माणसं जागी होतात.

तुमच्या टॉर्चला मंद उजेड नाहीच. बटण दाबलं की भगभगीत, पुन्हा दाबलं की जरा कमी, पुन्हा दाबलं की डोळे दिपवणारी लुकलुक, पुन्हा दाबलं की एसओएस. बंद करायला दर वेळी या सगळ्यातून जायचं. उसाच्या सरीत काहीतरी हललं म्हणून माणूस घाईने बटण दाबतो आणि हातात लुकलुक सुरू होते. सरळ चालू, सरळ बंद आणि शेवटचा उजेड लक्षात ठेवणारी टॉर्च बनवायला फार मोठा खर्च येत नाही. तुम्ही तो विचारही केला नाही, कारण खोक्यावर ‘४ मोड’ छापायचं होतं.

रंगाचंही तेच. निळसर पांढरा उजेड डोळ्यांना जास्त प्रखर वाटतो, म्हणून तुम्ही स्वस्तातली निळसर चिप घालता. त्या उजेडात लाल आणि तपकिरी रंग मेलेले दिसतात. स्टार्टरच्या पेटीत लाल, पिवळी, निळी वायर नीट ओळखता आली पाहिजे. पाचोळ्यात पडलेली घोणस पाचोळ्यापासून वेगळी दिसली पाहिजे. ४००० ते ५००० केल्विनचा, रंग खरे दाखवणारा एलईडी आज सहज मिळतो. लुमेन थोडे कमी होतात. होऊ द्यावेत.

रोज खिशात बाळगायच्या टॉर्चला मागचं झाकण पाव वळसा सैल केलं की बंद राहण्याची सोय हवी. खिशात चुकून पेटलेली जोरदार टॉर्च कापड जाळते, मांडी भाजते. सेल बाहेर काढता यावा, म्हणजे तो मेला तर टॉर्च फेकावी लागत नाही. ज्याच्या गावात लिथियम सेल मिळत नाही त्याने पेन्सिल सेलवर चालणारी घ्यावी. उजेड कमी, पण सेल किराणा दुकानात मिळतो. लिथियम सेलवर आयएस १६०४६ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा. तुमच्या सेलवर दोन्ही नाहीत. आणि १८६५० मापाच्या ज्या सेलवर पाच हजार किंवा त्याहून मोठा आकडा छापलाय, तो हातातही घेऊ नये. हे मी तुमच्या गिऱ्हाइकांसाठी लिहितोय, तुम्ही वाचलंत तरी हरकत नाही.

भावाला आता दुसरी टॉर्च घेऊन दिली आहे. खोक्यावर सहाशे लुमेन लिहिलंय. तुमच्या आकड्याचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही. ती रात्रभर दारं धरेपर्यंत मधल्या उजेडावर चालते.

तुमचं खोकं, ३१ ग्रॅमचा सेल आणि ती हलणारी चकती मी जपून ठेवलीय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, वैधमापनशास्त्र विभागालाही लिहिलंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोटे दावे करून माल विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बाजारातल्या ज्या दुकानदाराकडून माल घेतला त्याला मी दोष देत नाही. त्यानेही तुमचंच खोकं वाचलंय.

रब्बीचा हंगाम आला की तुमचा पुढचा माल बाजारात उतरेल. त्याआधी खोकं बदला. अर्ध्या तासानंतर किती लुमेन उरतात ते लिहा. सेलची खरी क्षमता लिहा, आणि तो कोणी बनवला तेही. चार्जिंग कुठे थांबतं ते लिहा. त्याखाली तुमचं नाव आणि पूर्ण पत्ता छापा. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनी तो तसाही बंधनकारक आहे.

— जुन्नरच्या एका शेतकऱ्याचा भाऊ