घडी मोडायचा मान

आमच्या शिरवणे गावात मध्यंतरी एक फोन आला. आला म्हणजे वाजला नव्हे, वाजतगाजत आला. शेजारच्या दादूसने दुमडता मोबाईल घेतला. देव्हाऱ्यापुढे हळदकुंकू झालं आणि काकीने रीतीप्रमाणे विचारलं, "घडी कोण मोडणार?" नव्या साडीची घडी मोडायचा मान घरातल्या लाडकीचा. दादूस घाबराघुबरा झाला. "काकी, तसं नको बोलू! यो नुसता उघराचा."

दादूसच्या तोंडात साखर पडो, पण घड्या मोडल्या आहेत. 2019 च्या एप्रिलमध्ये सॅमसंगने आपला पहिला दुमडता गॅलेक्सी फोल्ड परीक्षणासाठी अमेरिकेतल्या पत्रकारांना दिला. यंत्राकरवी दोन लाख वेळा उघडमिट केल्याची ग्वाही होती. रोज शंभरदा उघडला तरी पाच वर्षांची बेगमी! काहींचा दोन दिवसांतच आटोपला. कुणाच्या पडद्याखाली कचरा शिरला, तर कुणी वरचा प्लास्टिकचा पापुद्रा सोलला. तो पडद्याचाच भाग, पण दिसायला स्क्रीनगार्ड. मग विक्री सप्टेंबरवर गेली, पापुद्र्याच्या कडा चौकटीखाली दडवल्या, आणि ऑक्टोबरात तो भारतात आला तो 1,64,999 रुपयांना.

माझं मत विचाराल, तर फोनचं काहीच चुकलं नव्हतं, परीक्षक चुकले होते. तो शिरवण्यात द्यायला हवा होता. सिडकोने जमिनींच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर इमारती उठल्या, घरात फ्रिज आले, पण दारावरचा पापुद्रा सोलायची कुणाची छाती झाली नाही. रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. सोफ्यावर चादर, चादरीवर प्लास्टिक. सोफ्याचा मूळ रंग फक्त दुकानदाराला ठाऊक.

दादूस त्याच परंपरेतला. तो थेट जुईनगर स्टेशनबाहेरच्या कव्हरवाल्याकडे गेला. "टेम्पर्ड लाव." कव्हरवाला म्हणाला, "शेठ, काच दुमडत नाही." हा गृहस्थ पोळलेला आहे. 2020 साली एलजीने आडवा फिरणारा पडदा असलेला 'विंग' आणला, त्याची कव्हरं याने हौसेने भरली. 2021 च्या एप्रिलमध्ये कंपनीने मोबाईलचा धंदाच गुंडाळायचं जाहीर केलं. कव्हरं अजून आहेत, मोबाईल शोधतायत.

तरी त्याने दोन तुकड्यांचं कव्हर खपवलं, बिजागरीवर वेगळी टोपी, मागे अंगठी, वर चामड्याचं पाकीट. पावसाळ्यासाठी प्लास्टिकची पिशवी दादूसने घरचीच घातली. दुमडल्यावर खिशात मावावा म्हणून केलेला फोन आता बायकोच्या पर्समध्येही मावत नाही.

परवा एका हळदीत डीजेच्या दणक्यात फोन थरथरला. दादूसने पिशवी सोडली, पाकीट उघडलं, अंगठी फिरवली, घडी उलगडली. तोवर समोरचा माणूस मंडपात येऊन जेवायलाही बसला होता. आता बोलण्यासाठी त्याने बटणांचा एक साधा फोन घेतलाय. दुमडता फक्त हळदी, साखरपुडे आणि पाहुण्यांसाठी. महिन्यातून सरासरी तीनदा उघडतो.

मी हिशेब केला. या वेगाने दोन लाख घड्या पुऱ्या व्हायला साडेपाच हजार वर्षं लागतील. बापजाद्यांच्या जमिनी सिडकोत गेल्या, तेव्हापासून पोरांच्या नावावर काय ठेवायचं, ही दादूसची काळजी होती. ती मिटली. फक्त सातबारावर पापुद्र्याचीही नोंद करून घ्यावी लागेल.