22 ओळींच्या धन्याला खुले पत्र

प्रोग्रामर महोदय,

तुमचं आडतीचं सॉफ्टवेअर जालन्याच्या नव्या मोंढ्यातल्या एका दुकानात चालतं. तिथला संगणक मी सांभाळतो. ऐन सोयाबीनच्या हंगामात, संध्याकाळी पाचला तुमच्या अपडेटने चालू प्रोग्राम बंद केला आणि शेतकऱ्यांच्या 11 हिशेबपट्ट्या गेल्या. घनसावंगीहून टेम्पो करून आलेला शेतकरी काट्याची चिठ्ठी मुठीत धरून रात्री नऊपर्यंत ओट्यावर बसला. मुनीम वजन, हमाली, तोलाई पुन्हा लावत होता. एक चिठ्ठी घामाने पुसली गेली होती. तो माल परत तोलावा लागला.

फोनवर तुम्ही म्हणालात, "वीज गेली असेल." वीज गेली नव्हती. म्हणून मी तुमचा कोड उघडला.

सिगटर्म आला की राहिलेल्या नोंदी डिस्कवर लिहायच्या आणि मग बंद व्हायचं, यासाठी तुम्ही 22 ओळी लिहिल्यात. मी मोजल्या. त्यातली एकही या दुकानात कधी चाललेली नाही! तुमच्या मॅकवर सिगटर्म, म्हणजे 15 नंबरचा सिग्नल, आवराआवर करायला सांगतो. विंडोजमध्ये तो नाहीच. तुमचा प्रोग्राम ज्यावर चालतो ते नोड.जेएस तिथे तुमचा हँडलर, म्हणजे त्या 22 ओळी, मुकाट्याने लावून घेतं, पण त्याला कोणी हाक मारत नाही. तुमचा अपडेटर ज्या प्रोसेसला सिगटर्म पाठवतो, ती जागच्या जागी मरते. लिनक्सवर 9 नंबरच्या सिगकिलने मरावी तशी. नोडच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि मोंढ्यात विंडोज आहे, हे पैसे घेताना तुम्हाला ठाऊक होतं.

आता अपडेटरकडून प्रोग्रामला आधी आयपीसीवरून, म्हणजे दोन प्रोसेसमधल्या संवादाच्या वाटेने, निरोप द्या, त्याचं उत्तर येईस्तोवर थांबा. कन्सोलच्या खिडकीची फुली दाबली की नोडला सिगहप हा सिग्नल मिळतो. त्यालाही तेच काम लावा. तिथे विंडोज जेमतेम 10 सेकंद देतं. आणि पट्टी झाली की त्याच क्षणी डिस्कवर लिहा. पाच-पाच मिनिटं मेमरीत कशाला ठेवता? जालन्यात वीज खरोखरही जाते, आणि जाताना ती कुठलाच सिग्नल देत नाही.

पुढचा अपडेट पाठवण्याआधी विंडोजवर पट्ट्या भरा आणि मधेच प्रोग्राम मारून पाहा. यंत्र नसेल तर मोंढ्यात या, मी देतो.

आपला,
मोंढ्यातला संगणकवाला