कंस राहिलाय!

आमचे दाजी नांदेडला विष्णुपुरीत राहतात, हे फक्त आधार कार्डाचं म्हणणं. खरे राहतात ते ईमॅक्समध्ये. १९७६ साली जन्मलेला हा प्रोग्रामरांचा मजकूर-संपादक. पण त्याला नुसता संपादक म्हटलं की दाजींचा घास अडकतो. त्यात पत्रव्यवहार होतो, हिशेब होतो, टेट्रिस खेळता येतं. मन मोकळं करायला एक डॉक्टरही बसवलाय. मग नेटवर काही शोधायला बाहेर कशाला पडायचं? शब्द निवडायचा, ऑल्ट-एस, ऑल्ट-डब्ल्यू दाबायचं. डकडकगो या सर्च इंजिनाचा निकाल तिथंच हजर. माउसला हात म्हणून लावायचा नाही. सोवळ्यातली आजी परवडली.

दिवाळीला ते लातूरला सासरी आले. सोयाबीनची पोती ओसरीत. आप्पा म्हणाले, "जावईबापू, आडतीत आज काय भाव निघाला बघा की."

दाजींनी शब्द निवडला, कळा दाबल्या, बाजार समितीचं पान उघडलं. संचालकांची नावं आली, सूचना आल्या. भावाच्या जागी मात्र 'जावास्क्रिप्ट चालू करा'. ईमॅक्समधला ब्राउझर जावास्क्रिप्ट चालवत नाही. दुसऱ्या कुणीही खिशातला मोबाइल काढला असता. दाजी म्हणाले, "हातानं शोधणंच चूक. ईमॅक्सच्या लिस्प भाषेत फंक्शन लिहितो. मग जन्मभर एका कळीवर भाव."

चहा गार झाला. फराळाचं ताट आलं तसं गेलं. ताई दारातून ओरडली, "काय करालाव? पानं वाढलीत!"

"एक कंस राहिलाय."

लिस्पमध्ये एक कंस कायमच राहिलेला असतो.

एक मात्र कबूल करायला पाहिजे. आम्ही मोबाइलवर भाव बघायला गेलो की क्रिकेट, कुणाचं तरी लग्न आणि तीन रील बघून परत येतो, भाव न बघताच. दाजींच्या खिडकीत जाहिरात फिरकत नाही. तिथं भावही फिरकला नाही, हा भाग वेगळा.

रात्री अकराला फंक्शन चाललं. एका कळीवर, डोळ्याचं पातं लवायच्या आत, तेच पान उघडलं.

आप्पांनी संध्याकाळीच आडत्याला फोन लावून सौदा पक्का केला होता. दाजी जराही हिरमुसले नाहीत. "काय भाव लागला?" विचारून त्यांनी तो आकडा तारखेसकट ईमॅक्समध्ये टिपून ठेवला.

"आता पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "नेटवर शोधायचं कामच नाही."